कळलं होतं, तरी नाकारलं: सूरह नम्लच्या चौदाव्या आयतीबद्दल

तुमचे प्रश्न थोडक्यात असे. कुरआनच्या सूरह (अध्याय) नम्लमध्ये म्हटलंय की इजिप्तचा राजा फिरऔन आणि त्याच्या लोकांना प्रेषित मूसांच्या निशाण्यांची (चमत्कारांची) मनातून खात्री पटली होती, तरी त्यांनी त्या नाकारल्या. खात्री पटलेला माणूस नाकारेल कसा? दुसरा प्रश्न: सूरह बकरहच्या सातव्या आयतीत, म्हणजे वचनात, अल्लाहनेच त्यांच्या हृदयांवर मोहर लावली असं येतं, मग दोष त्यांचा कसा? तिसरी गोष्ट तुम्ही शेवटी, जरा संकोचानंच लिहिलीय. तुमच्या एका मित्रानं कुरआन पूर्ण वाचलं, पण ईमान आणलं नाही, म्हणजे इस्लामवर श्रद्धा ठेवली नाही. त्यावर अभ्यासमंडळातल्या एकानं हीच आयत म्हणून दाखवली आणि निकाल दिला की "त्याला आतून सगळं पटलंय, कबूल तेवढं करत नाही." मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न हा तिसराच आहे. पण तिथे पोचायचं तर पहिल्या दोघांतूनच जावं लागेल.

आधी आयत. "व जहदू बिहा वस्तैकनत्हा अन्फुसुहुम जुल्मन व उलुव्वा." मी तिचा अर्थ असा सांगतो: त्यांच्या जिवांना त्या निशाण्यांची खात्री पटलेली असूनही त्यांनी त्या नाकारल्या, अन्यायापोटी आणि वरचढपणापोटी. पुढे म्हटलंय, बिघाड माजवणाऱ्यांचा शेवट कसा झाला ते बघ.

वर्गात पहिली अडचण दर वेळी वाक्यरचनेची येते. "जुल्मन व उलुव्वा" हे शब्द "खात्री पटली"च्या लगेच नंतर येतात, त्यामुळे नवशिके ते खात्रीला जोडतात आणि अर्थाचा गुंता होतो. ते जोडायचे "नाकारल्या"ला. मधला खात्रीचा तुकडा म्हणजे नाकारताना मनाची काय स्थिती होती त्याचं वर्णन आहे, आणि शेवटचे दोन शब्द नाकारण्याचं कारण सांगतात. म्हणजे एका ओळीत कृती, त्या वेळची मनाची अवस्था आणि कारण, तिन्ही आलं. कारणांच्या जागी "पुरावा अपुरा पडला" असं काही नाही, हे लक्षात ठेवा.

क्रियापदही साधं नाही. नुसतं "नाकारणं" म्हणायला अरबीत "इन्कार" आहे, मराठीतही तो शब्द आपण वापरतो. इथे "जहद" आहे. कुरआनच्या शब्दांचा कोश रचणाऱ्या रागिब इस्फहानींनी जहदची व्याख्या अशी केली आहे: मनात जे मान्य आहे ते नाकारणं, किंवा मनात जे अमान्य आहे ते मान्य असल्याचं म्हणणं. म्हणजे मन आणि जीभ यांतली फारकत या शब्दातच आहे. न कळून "नाही" म्हणणाऱ्याला हा शब्द लागू होत नाही.

आता "कुफ्र"कडे येऊ, कारण सगळा गोंधळ या शब्दापाशी होतो. क-फ-र या धातूचा मूळ अर्थ झाकणं. जुन्या अरबी कवितेत रात्रीला "काफिर" म्हटलंय, कारण ती सगळं झाकून टाकते. सूरह हदीदच्या विसाव्या आयतीत "कुफ्फार" हा शब्द शेतकऱ्यांसाठी आलाय असं बहुतेक भाष्यकार घेतात, कारण शेतकरी बी मातीखाली झाकतो. सूरह शुअरामध्ये खुद्द फिरऔन मूसांना म्हणतो, तू काफिरांपैकी होतास. त्याला म्हणायचंय: आम्ही तुला लहानाचं मोठं केलं आणि तू उपकार विसरलास. कुरआनात कुफ्रच्या समोर कित्येकदा "शुक्र", म्हणजे कृतज्ञता, उभी केलेली दिसते. माणसाला वाट दाखवली, आता तो शाकिर (कृतज्ञ) होवो की कफूर (कृतघ्न), असं सूरह दहरच्या तिसऱ्या आयतीत आहे. तेव्हा कुफ्र म्हणजे निव्वळ "अमुक गोष्ट खरी वाटत नाही" असं मत नव्हे. जे समोर आहे, ज्याचं देणं लागतो, ते झाकून टाकण्याची ती कृती आहे. आणि झाकायचं तर आधी ती गोष्ट हाताशी असावी लागते.

जाता जाता एक गंमत. कुरआनातला "हक्क" म्हणजे सत्य. मराठीत तोच शब्द अधिकार या अर्थानं रुजला. अरबीत दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. सत्य हेही एक देणंच आहे, ते ज्याचं त्याला द्यावं लागतं. सत्य झाकणाऱ्याला कुरआन "जालिम" का म्हणतं ते यावरून उलगडतं. जुलूम या शब्दाची जुनी व्याख्याच मुळी "वस्तू तिच्या जागेवर न ठेवणं" अशी आहे. नम्लची आदलीच, म्हणजे तेरावी, आयत बघा: डोळे उघडणाऱ्या निशाण्या आल्या तेव्हा ते म्हणाले, ही तर उघड जादू आहे. निशाणी उचलून जादूच्या खणात टाकली. हाच तो जुलूम.

तर तुमचा पहिला प्रश्न: खात्री पटल्यावर नाकारेल कसा? कुरआनातला पहिला नकार आठवा, आदमपुढे झुकायला इब्लीसनं, म्हणजे सैतानानं, दिलेला. इब्लीसला अल्लाहच्या अस्तित्वाबद्दल तिळमात्र शंका नव्हती. तो अल्लाहशी बोलतोय, कयामतपर्यंतची मुदत मागतोय, त्याच्या सामर्थ्याची शपथ खातोय. तरी सूरह बकरहच्या चौतिसाव्या आयतीत त्याचं नाव काफिरांत आहे. "त्यानं नाकारलं आणि गर्व केला" असे शब्द आहेत, आणि त्याचं म्हणणं सूरह अअराफमध्ये एका वाक्यात आलंय: मी त्याच्यापेक्षा (आदमपेक्षा) चांगला आहे. ज्ञान पुरेपूर, अडचण मानाची.

फिरऔनचंही तसंच. सूरह मुअमिनूनच्या सत्तेचाळिसाव्या आयतीत त्याच्या दरबाराचे शब्द आहेत: आमच्यासारख्याच दोन माणसांवर विश्वास ठेवायचा, आणि तेही ज्यांची जमात आमची गुलामगिरी करते? आता बोला. मूसांचं म्हणणं खरं ठरलं तर उद्या विटा कोण थापणार, राबणार कोण, हा तिथला सवाल होता. "उलुव्व", म्हणजे वरचढपण, हा शब्द सूरह कससच्या चौथ्या आयतीतही फिरऔनसाठी येतो, आणि तिथे लगेच सांगितलंय की त्यानं लोकांचे गट पाडले, एका गटाला दुबळं केलं, त्यांचे मुलगे मारले. सत्य मान्य केलं असतं तर हे सगळं सोडावं लागलं असतं. नकाराला किंमत नव्हती, होकाराला होती.

इथे पाठभेदाचा एक मुद्दा सांगण्याजोगा आहे. सूरह इस्राच्या १०२व्या आयतीत मूसा फिरऔनला म्हणतात, "लकद अलिम्त": या निशाण्या आकाशांच्या आणि पृथ्वीच्या पालनकर्त्यानेच उतरवल्यात हे तुला माहीत आहे. कुरआनच्या सात प्रसिद्ध वाचकांपैकी (पठणकारांपैकी) किसाई हा शब्द "अलिम्तु" असा वाचतात, म्हणजे "मला माहीत आहे". एका मात्रेनं माहिती फिरऔनकडून मूसांकडे जाते. प्रेषितांचे सहकारी इब्न अब्बास "तुला माहीत आहे" असंच वाचत आणि आधार म्हणून नम्लची हीच चौदावी आयत म्हणून दाखवत, असं भाष्यकार तबरींनी (मृत्यू इ. स. ९२३) नोंदवलंय. फिरऔनला कळलं होतं की नाही, याचा निकाल त्यांनी या आयतीवरून लावला. पण हेही बघा की तो निकाल लावायला इब्न अब्बासांनाही आयतच लागली. फिरऔनच्या चेहऱ्यावरून किंवा वागण्यावरून त्यांनी तो काढला नाही.

मक्केतली एक कथा इब्न इसहाकच्या चरित्रग्रंथात आहे, इब्न हिशामनं ती जपली. अबू सुफयान, अबू जहल आणि अखनस बिन शरीक हे मक्केतले तिघे पुढारी एकमेकांना न सांगता रात्री प्रेषित मुहंमदांच्या घराबाहेर बसून कुरआन ऐकत राहिले. पहाटे परतताना वाटेत गाठ पडली. एकमेकांना बोल लावले, पुन्हा यायचं नाही असं ठरलं, आणि दुसऱ्या रात्री तिघे पुन्हा हजर. तिसऱ्या रात्रीही तेच. मग शपथा झाल्या. नंतर अखनसनं अबू जहलला विचारलं, जे ऐकलंस त्याबद्दल तुझं मत काय? उत्तरात मत नव्हतंच. तो म्हणाला, अब्द मनाफच्या (म्हणजे प्रेषितांच्या) घराण्याशी आमची चढाओढ. त्यांनी जेवणं घातली, आम्ही घातली. त्यांनी ओझी उचलली, आम्ही उचलली. त्यांनी दिलं, आम्ही दिलं. शर्यतीतल्या दोन घोड्यांसारखे बरोबरीला आलो, तर आता ते म्हणतात आमच्यात नबी (प्रेषित) आहे, त्याला आकाशातून वही, म्हणजे ईश्वरी संदेश, येते. याची बरोबरी आम्ही कशी करायची? आम्ही त्याला कधीच मानणार नाही.

मराठीत आपण "कळतं पण वळत नाही" म्हणतो. त्यात एक हतबलता आहे, वळायची इच्छा असते पण जमत नाही. अबू जहलच्या उत्तरात ती हतबलता नाही. कळतं, पण वळायचं नाही, असं ते आहे. जहद ते हेच.

माझाच एक अनुभव सांगतो, म्हणजे हे फिरऔनापुरतं राहणार नाही. वीसेक वर्षं मी तफसीर, म्हणजे कुरआनचं भाष्य, शिकवतोय. एकदा वर्गात एका आयतीचा अर्थ सांगताना मी सर्वनाम चुकीच्या नामाला जोडलं. मागच्या रांगेतल्या एका मुलानं हात वर करून चूक दाखवली. वय असेल अठरा-एकोणीस. त्याचं वाक्य संपायच्या आत मला कळलं होतं की तो बरोबर आहे. तरीही अर्धा तास मी त्याच्याशी वाद घातला. व्याकरणकारांची नावं फेकली, दुसरी एक दूरची शक्यता उभी केली, शेवटी "तू अजून अरबी नीट शीक" असंही म्हणालो. त्या अर्ध्या तासात माझ्याकडे पुराव्याची कमतरता कुठे होती? इमाम मुस्लिम यांच्या हदीससंग्रहात (प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या संग्रहात) प्रेषितांचे सहकारी इब्न मसऊद यांच्याकडून आलेली गर्वाची व्याख्या मी तोवर शंभरदा शिकवली असेन: गर्व म्हणजे सत्य झिडकारणं आणि लोकांना तुच्छ लेखणं. दोन्ही एकाच तासात करून दाखवलं. पुढच्या आठवड्यात वर्गासमोर चूक कबूल केली, पण ती आठवड्यानं, हे मी विसरलेलो नाही.

आता मोहर. "खतमल्लाहु अला कुलूबिहिम." आपला "खतम" याच धातूतला. पत्र लिहून संपलं की शेवटी मोहर लावायची, मग ते उघडायचं नाही. प्रश्न असा की मोहर आधी की नकार आधी? सहाव्या आयतीची सुरुवातच "ज्यांनी कुफ्र केलं" अशी भूतकाळी क्रियापदानं होते. कृती आधी घडलेली आहे. इतर ठिकाणी हा क्रम आणखी उघड आहे. सूरह निसाच्या १५५व्या आयतीत म्हटलंय, अल्लाहनं त्यांच्या कुफ्रमुळे हृदयांवर छाप मारली. सूरह मुनाफिकूनमध्ये आहे, त्यांनी ईमान आणलं, मग कुफ्र केलं, म्हणून मोहर लागली. सूरह सफ्फमध्ये: ते वाकडे झाले तेव्हा अल्लाहनं त्यांची हृदयं वाकडी केली. मोहर हा परिणाम आहे.

तो परिणाम कसा साचत जातो, हे तबरींनी इब्न अब्बासांचे शिष्य मुजाहिद यांच्याकडून दिलंय आणि मला सगळ्या शास्त्रार्थापेक्षा ते जवळचं वाटतं. मुजाहिद हात पुढे करून दाखवत. हृदय असं, उघड्या तळव्यासारखं. माणूस एक पाप करतो, करंगळी मिटते. आणखी एक, पुढचं बोट मिटतं. असं करत सगळी बोटं मिटली की मूठ होते, आणि मोहर लागते ती त्या मुठीवर. सूरह मुतफ्फिफीनच्या चौदाव्या आयतीत गंजाची उपमा आहे: त्यांच्या कमाईचाच गंज त्यांच्या हृदयांवर चढला. ती सूरह सुरू कुठून होते? मापात पाप करणाऱ्यांपासून. घेताना पुरेपूर घेणारे, देताना कमी तोलणारे. गंजाची सुरुवात मोठ्या तत्त्वज्ञानाच्या नकारातून झालेली नाही, ती तागडीपाशी झालीय.

इथे धर्मशास्त्र्यांचा जुना वाद आहे. माणसाच्या स्वतंत्र इच्छेवर भर देणाऱ्या मुअतजिली पंथाचे जमख्शरी (मृत्यू ११४४) मोहरेला रूपक मानतात. अशअरी परंपरेतले फखरुद्दीन राझी (मृत्यू १२१०) दोन्ही बाजूंचे युक्तिवाद पानंच्या पानं मांडतात आणि शेवटी सगळं घडवणारा अल्लाहच, या बाजूला राहतात. तो वाद तुमच्यासाठी मी इथे मिटवणार नाही, हजार वर्षांत तो मिटलेला नाही. पण दोन्ही पक्षांत नकार देणारा माणूस जबाबदार आहे, एवढं समान आहे. आणखी एक आयत जोडीला ठेवा, सूरह जासियाची तेविसावी. ज्यानं आपल्या वासनेलाच देव केलं त्याला अल्लाहनं "अला इल्म" भरकटू दिलं. म्हणजे अल्लाहला माहीत असताना, की त्या माणसाला माहीत असताना? भाष्यकारांनी दोन्ही घेतलंय. दुसरा अर्थ घेतला तर आपण फिरून नम्लपाशीच येतो.

आता तुमचा मित्र.

बकरहच्या त्या आयतीतले लोक कोण, यावर तबरींकडे वेगवेगळ्या नोंदी आहेत. काहींच्या मते मदिनेतले काही यहुदी विद्वान, काहींच्या मते बद्रच्या लढाईत मारले गेलेले मक्केचे सरदार. म्हणजे जुन्या भाष्यकारांनाच ही आयत "ईमान न आणलेले सगळे" अशी लावता येत नव्हती. लावली असती तर उमर, खालिद बिन वलीद, अबू जहलचा मुलगा इक्रमा, हे सगळे त्यात अडकले असते. तिघांनीही आधी विरोध केला होता आणि नंतर इस्लाम स्वीकारला, खालिद तर उहुदच्या लढाईत मुसलमानांवर चालून गेले होते.

आणि त्या तीन रात्री पुन्हा आठवा. भिंतीबाहेर अंधारात बसलेले तिघे. अबू जहल इ. स. ६२४ मध्ये बद्रला शत्रू म्हणूनच मेला. अबू सुफयाननं आणखी काही वर्षं युद्धं लढली आणि ६३० मध्ये, मक्का जिंकली गेली तेव्हा, इस्लाम स्वीकारला. तिघांनी तेच ऐकलं होतं, तिघे त्याच वेळी उठून गेले, तिघांनी तीच शपथ घेतली. त्या पहाटे वाटेत उभं राहून कुणी सांगू शकलं असतं का, की यातल्या कुणाची मूठ मिटलीय आणि कुणाची दोन बोटं अजून उघडी आहेत?

जे कुणालाच सांगता आलं नसतं, नेमकं तेच सांगायचा प्रयत्न तुमच्या मंडळातल्या, आयत म्हणून दाखवणाऱ्या त्या भावांनी केलाय. आयतीतला शब्द "अन्फुसुहुम" आहे, त्यांचे जीव, त्यांचं आत. फिरऔनच्या आतलं सांगणारा अल्लाह आहे. आपल्याकडे इतर कुणाबद्दल तसा ईश्वरी संदेश आलेला नाही. उसामा बिन जैद यांची हदीस तुम्हाला ठाऊक असेल, मुस्लिमच्या संग्रहात आहे. लढाईत समोरच्यानं कलिमा (इस्लामच्या श्रद्धेची साक्ष) म्हटला, तरी उसामांनी त्याला मारलं. प्रेषितांनी विचारलं तेव्हा म्हणाले, तो शस्त्राच्या भीतीनं म्हणाला. प्रेषित म्हणाले, त्याचं हृदय चिरून पाहिलंस का? हे "आतून नाही, वरून हो" याबद्दल होतं. "आतून हो, वरून नाही" याला वेगळा नियम कसा लागेल, मला कळत नाही. मीही तरुणपणी एका वादात समोरच्यावर हीच आयत फेकली होती. तो शांतपणे म्हणाला, "माझ्या मनातलं तुम्हाला कसं कळलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गजालींनी (मृत्यू ११११) आपल्या काळातल्या मुसलमानेतरांचे तीन गट केले होते. ज्यांच्या कानावर प्रेषितांचं नावही गेलं नाही, ते माफ. ज्यांनी नाव, गुण आणि चमत्कार नीट ऐकूनही पाठ फिरवली, ते दोषी. आणि तिसरे, ज्यांच्यापर्यंत नाव पोचलं पण विकृत होऊन, खोटारडा म्हणून. त्यांना ते पहिल्या गटातच धरतात, कारण असं ऐकणाऱ्याला शोध घ्यावासाही वाटणार नाही. पुस्तक वाचणं आणि ते नीट पोचणं या दोन गोष्टी आहेत. तुमच्या मित्रानं कोणता अनुवाद वाचला, कोणत्या दिवसांत वाचला, त्याआधी आपल्यापैकी कुणाशी त्याचा काय व्यवहार झाला होता, हे त्या भावांना माहीत आहे का? तुम्हाला सगळं माहीत आहे का? ईमान हे अखेर अल्लाहच्या देणगीनंच उमलतं असं आपणच म्हणतो. मग दुसऱ्याच्या वेळापत्रकावर आपली सही कशाला?

सूरह गाशियात प्रेषितांनाच सांगितलंय: तू आठवण करून दे, तू आठवण करून देणाराच आहेस, त्यांच्यावर दरोगा नाहीस. तुम्ही मंडळात बोलणार असाल तर त्या भावांना एवढंच विचारा की नम्लची ही आयत त्यांना स्वतःबद्दल शेवटची कधी आठवली होती. मुद्दाम चारचौघांत विचारू नका, एकटे गाठून विचारा. आणि मित्राला हा किस्सा कळला असेल, तर त्याच्याकडे जाऊन माफी मागा. आयत समजावायला जाऊ नका.